खंडेनवमीला धुतलेला फ्रीज

"डॉक्टरीण व्हायला धाडलं, अन् तू वाघाचा गू वेचायलीस?" मानवत गावातल्या आमच्या घरी आई रोज सकाळी हे म्हणायची आणि म्हणता म्हणता माझा डबाही भरायची. तिचं तरी काय चुकलं? मी परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकत होते आणि शेवटच्या वर्षी कॉलेजनं मला शहराबाहेरच्या एका प्राणिसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. जनावर भ्यालं, वैतागलं की त्याच्या अंगात एक हार्मोन वाढतं आणि ते विष्ठेत उतरतं. म्हणून सुई टोचायची नाही, बेशुद्ध करायचं नाही. ताजी विष्ठा डबीत भरायची, गोठवायची आणि मग तपासायची.

माझ्याकडं बिबट्याची एक मादी होती. तिचा पिंजरा फाटकाला लागून, शेजारीच फोटो काढायची जागा आणि डोक्यावर भोंगा. लोक गजांवर चपला हाणायचे, "ए, उठ की!" म्हणून ओरडायचे. ती दिवसभर येरझाऱ्या घालायची, नाहीतर कोपऱ्यात बसून स्वतःचंच शेपूट चावायची. टोकाची कातडी सोलून निघाली होती. मागच्या बाजूला लिंबाखाली एक ऐसपैस, शांत पिंजरा मोकळा पडला होता. त्यात मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या! मी प्रयोगशाळेच्या सरांना म्हणाले, "सर, तिला मागं न्या ना." सर म्हणाले, "नुसत्या कळवळ्यानं पिंजरा बदलत न्हाई, पोरी. आकडा आण, मी वर पाठवतो."

स्वतःचं शेपूट खाणाऱ्या जिवाला त्रास होतोय हे कळायला आकडा लागतो? पण म्हटलं, ठीक आहे, आणते आकडा. रोज पहिल्या एसटीनं यायचे, पिंजरा धुवायच्या आत डबी भरायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे. दसरा झाला की सगळ्या डब्या एकदम तपासायच्या असं ठरलं होतं.

खंडेनवमीला मी घरून झेंडूची फुलं घेऊन प्रयोगशाळेत गेले. दारातच उदबत्तीचा वास आला. आत सगळी यंत्रं चकाचक, प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं. मधोमध आमचा फ्रीज, दार सताड उघडं, गळ्यात हार आणि पायाशी फोडलेला नारळ. माझ्या डब्या खिडकीत ओळीनं ठेवलेल्या होत्या. उन्हात!

"सर, ह्या बाहेर कामून?"

"फ्रीज धुवायचा तर बंद नको करायला? करंट लागंल की. कालच काढल्यात. घे, पेढा घे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विष्ठा वितळली की जंतू कामाला लागतात, हार्मोन फोडून टाकतात आणि आकडा खोटा येतो, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते ह्याच सरांनी! मी तसं म्हणाले. तर सर म्हणतात कसे, "यंत्राचाबी मान असतो, पोरी. वर्षाचा एक दिवस. तू तपास, जो येईल तो आकडा लिही. काई होत न्हाई."

पूजेला माझी ना नाही. आमच्या कापसाच्या आडतीवरही खंडेनवमीला वजनकाट्याची पूजा होते, वडील स्वतः करतात. पण काटा पूजायचा म्हणून कुणी गिऱ्हाइकाचा कापूस पाण्यात टाकत नाही. मी पेढा तिथंच ठेवला आणि सगळ्या डब्या कचऱ्यात टाकल्या. "खोटा आकडा मी लिहिणार न्हाई," म्हणाले. सर म्हणाले, "लय ताठा बरा न्हाई." बरा नसेना का!

परत पहिल्यापासून सुरू केलं. माझी मुदत संपली तरी जात राहिले. दिवाळीच्या सुट्टीत फाटकाशी जत्रा लोटली, भोंगा थांबेचना, आणि ती शेपूट चावतच होती. शेवटी आकडा आला. इतका वर, की मी चाचणी परत करून बघितली. तरी तोच. सरांपुढं ठेवला. "बघू," म्हणाले.

मग परीक्षेमुळं काही आठवडे जाणं झालं नाही. नंतर एका सकाळी गेले तर फाटकाजवळचा पिंजरा रिकामा. धावत मागं गेले, तर ती लिंबाखालच्या पिंजऱ्यात, सावलीत आडवी, तोंड माझ्याकडं करून गाढ झोपलेली! तिला झोपलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मला हसू फुटलं, रडूही आलं. तशीच सरांकडं पळाले. "सर, आकडा मानला का वर?"

"कशाचा आकडा? तो पाठवायचा राहिलाच बग. जखम चिघळली, म्हणून डॉक्टरांनी शेपूट काढलं. बिनशेपटाचं जनावर फोटोत वाईट दिसायलंय, लोकं तक्रार करायलेत. म्हणून मागं घेतली."

मी परत तिच्याकडं गेले. ती अजून झोपेतच होती. एक माशी तिच्या पाठीवर बसली. हाकलायला तिनं शेपूट उचललं, तर नुसता बोटभर खुंट हलला. माशी बसूनच राहिली.

फाटकाजवळ पिंजऱ्याला हिरवा रंग देणं चाललं होतं. नवी मादी येणार होती, अख्ख्या शेपटाची.