रताळ्याच्या पानावरची टिकली

मावशीच्या परसातल्या रताळ्याच्या वेलाची कुणीतरी पार चाळण केली होती. आम्ही दोघी वाकून बघत होतो, तर एका पानावर सोनेरी टिकली! "अगं बाई, ही इथे कशी चिकटली?" म्हणत मावशीने सवयीने बोट पुढे केलं. तोंड धुताना टिकली काढून आरशाला, नाहीतर दाराच्या चौकटीला चिकटवायची तिची जुनी खोड. काका गेल्यापासून मात्र तिचं कपाळ मोकळंच असतं. टिकली लावू नकोस, असं तिला कुणीही म्हटलेलं नाही.

बोट लागताच टिकली चालू लागली. पानं खाणारा किडा होता तो. बघता बघता त्याचं सोनं विझलं आणि मातकट तांबूस ठिपका उरला.

"मेला की काय गं माझ्या हातून?"

"नाही गं मावशी, घाबरलाय. घाबरला की रंग जातो त्याचा."

एवढासा जीव, भ्यायला की आधी आपली चमक आवरून घेतो. माणसं तरी दुसरं काय करतात?

"मग परत येतो का रंग?"

"कुणी त्रास दिला नाही, तर येतो."

मावशीने हात पदरात घेतले आणि तिथेच उकिडवी बसून राहिली. हळूहळू, कडेकडेने, सोनं परत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला गेले, तर आरशाला एक लाल टिकली चिकटवलेली होती.