मेलेल्या सेलची रेघ

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. गेल्या उन्हाळ्यात, नवतपा, म्हणजे उन्हाचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला त्याच दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. करणारे तिचे मार्गदर्शक सर.

ताई बॅटरीचा इलेक्ट्रोड बनवते. लिथियम साठवायला सिलिकॉन दांडगं. पण चार्ज होताना ते फुगतं, उतरताना आकसतं, आणि शेवटी तडकतं. ते तडकू नये म्हणून तिने एक लवचिक लेप तयार केला होता. लॅबमधले बाकीचे आपले सेल, म्हणजे चाचणीच्या इवल्या बॅटऱ्या, एसीच्या गारव्यात तपासायचे. ताईचे गरम पेटीत, पंचेचाळीस अंशांवर. "ई-रिक्षा काय एसीत उभी राहते का?" म्हणायची. कित्येक महिने ते सेल चार्ज होत होते, उतरत होते. तिची पीएचडी त्यांच्यावरच अडली होती.

त्या दिवशी पाहुणे येणार होते. सरांना पेटी रिकामी, चकचकीत दाखवायची होती. ताई डबा खायला गेली आणि त्यांनी तिचे बटणाएवढे सेल काढून स्टीलच्या ताटलीत एकावर एक ओतले. चार्ज झालेले सेल असे धातूवर टाकायचे नसतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवणारे हेच. सगळे शॉर्ट झाले. मेले.

"पुन्हा लाव ना, त्यात काय!" सर म्हणाले.

पुढे वार्षिक परिषदेच्या सभागृहात त्यांनी तिचाच आलेख दाखवला, स्वतःच्या नावाने. सेल मेले तिथून पुढे ठिपक्यांची रेघ, थेट कडेपर्यंत. "नागपूरच्या उन्हात टिकणारा इलेक्ट्रोड!" टाळ्या.

मी मागून ओरडलो, "सर, हे ठिपके सेलने काढले की तुम्ही?"

"कोण आहे हा? बाहेर काढा याला!"

काढलं. बाहेर ताई माझ्यावरच उखडली. "काहून बोलला बे? सही त्यांचीच लागते मले!"

"मग घे सही. अन् तुझं डोकंही दे त्याले, ताटलीत."

ती पाय आपटत निघून गेली. संध्याकाळी आली, तेव्हा मी या पत्रकाचा पहिला मसुदा लिहीत होतो. "पत्रक काढून राहिला ना? मंग लेपाचं नीट लिहिजो."

ती आता पहिल्यापासून सेल बांधते आहे. मला माफी नको, समजूत नको. भरल्या सभागृहात त्यांना फुटलेला घाम मला पाहायचा आहे. यंदाही ते तोच आलेख घेऊन उभे राहणार. तुम्ही जा. टाळी वाजवू नका. हात वर करा, विचारा: सेल कुठे आहेत? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.