वाढवलेली मिनिटं

शिट्टी गळ्यात पडली की किस्से आपोआप जमतात. फुटबॉलच्या नव्वद मिनिटांतलं कोणाला आठवत नाही. लोक सांगत बसतात ते त्यानंतरचं! खेळ जितका थांबला तितकी मिनिटं रेफरीने शेवटी वाढवायची, एवढाच नियम. पण तो पाळायला छाती लागते, राव!

*

मला रेफरी केलं परळच्या सावंत सरांनी. त्यांच्या एका मॅचमध्ये पुढे असलेल्या टीमचा गोलकीपर तिसऱ्यांदा बुटाची नाडी बांधायला बसला. सरांनी घड्याळ थांबवलं आणि शेजारी जाऊन उभे राहिले.

"बांध झिला, आरामात बांध. मला घाई नाही!"

वाढलेल्या दुसऱ्या मिनिटाला त्याच्यावरच गोल बसला.

*

इलेक्ट्रॉनिक बोर्ड आमच्याकडे कुठला! दादरचा फ्रेडी, आमचा लाइन्समन, शाळेची पाटी घेऊन यायचा. एकदा त्याने खडूने झोकात ‘४’ काढून पाटी उंच धरली. पाहुण्या टीमचा कोच धावतच आला.

"एट मिनिट्स? किसलिए?"

"फोर आहे सर. मराठीतला!"

*

वरळीला चीफ गेस्ट उशिरा आले. चालू मॅच थांबवून हस्तांदोलन, हार, फोटो. सरांनी शेवटी नऊ मिनिटं वाढवली. आठव्या मिनिटाला गोल होऊन हरली ती नेमकी साहेबांचीच टीम!

साहेब तणतणत आले. "नऊ मिनिटं? कसली?"

"तुमच्या फोटोंची, साहेब."

*

आता माझा. लीगची शेवटची मॅच, आणि एका टीमचा गोलकीपर माझा सख्खा धाकटा भाऊ, मंदार. मी ही मॅच नको म्हटलं होतं; दुसरा रेफरी आलाच नाही. फायनल गाठायला मंदारच्या टीमला बरोबरी चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. एक-शून्यने पुढे होते. मी चार मिनिटं दिली. तिसऱ्या मिनिटाला मंदार पाय धरून आडवा.

आमची अख्खी काळाचौकी ओरडत होती, "ताई, वाजव!"

पण मी घड्याळ थांबवलं. तो उठल्यावर उरलेलं एक मिनिट खेळवलं. त्या मिनिटात गोल झाला. एक-एक. मंदारची टीम बाहेर!

घरापर्यंत दोघं चालत आलो. आई जेवायला वाढत होती. बातमी आमच्याआधी पोचलेली.

"पाय कसो आसा रे तुझो?"

मंदारने खाली मान घातली. मग आपल्या ताटातली सुरमईची मोठी तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवली.

"पायाक काय झालाच नव्हता, आये."