मार्शलची बायको

त्या वर्षी मी अमेरिकेत पार्सिपनीला काकांकडे राहत होते. सांगायला म्हणून फिरायला आले होते. खरं म्हणजे काकांच्या ओळखीतला एक मुलगा बघायचा होता आणि व्हिसा संपायच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं. पत्रिका आधीच जुळली होती. मुलाचं घर नागपूरचं, म्हणून बाबांनी पुण्यात बसून नागपुरात चौकशी केली. आजोबा कसे होते, बहीण कुठे दिली, घरात कुणाला काही आजार आहे का, सगळं विचारून झालं. मुलगा कित्येक वर्षं न्यू जर्सीत राहत होता. तिथे कुणाला काही विचारावं, हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मला तेव्हा फारसं काही वाटत नव्हतं. मुलगा दोनदा चहाला आला, मी बशा नेऊन ठेवल्या. नंतर काकूने विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "बरा आहे."

शनिवारी दुपारी काका एक जुनी वेस्टर्न मालिका बघायचे. तिच्यातला मार्शल म्हणजे गावचा बंदोबस्त बघणारा सरकारी माणूस, आणि तो खरोखरच होऊन गेलेला होता. मालिकेत तो एकटाच. दर काही भागांनी एखादी बाई त्याच्या आयुष्यात यायची. कधी शाळेतली मास्तरीण, कधी कुणाची तरुण विधवा. भाग संपता संपता ती घोडागाडीत बसून निघून जायची, नाहीतर त्याला लागायची गोळी तिला लागायची. तो टोपी हातात धरून उभा राहायचा. पुढच्या शनिवारी त्याला तिची आठवणही नसायची.

"कॅरॅक्टर बघ," काका चिवडा खात म्हणायचे. "एकदम स्वच्छ माणूस."

काकूबरोबर लायब्ररीत जायचे तेव्हा मला त्या मार्शलवरचं एक पुस्तक मिळालं. इंग्रजी वाचायची सवय होती आणि दिवसभर दुसरं काम नव्हतं. त्यात एक बाई होती. लग्नाची कुठे नोंद नाही, पण ती त्याचं आडनाव लावायची आणि वर्षानुवर्षं त्याच्या घरात राहिली. मग तो दुसऱ्या गावाला गेला आणि तिला काही बोलावलं नाही. एवढ्या जाड पुस्तकात तिच्यावर अर्धं पान होतं.

मी काकांना सांगितलं. एवढं लांबलचक मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

"अगं, ते दाखवून काय करायचं?" ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "फॅमिली प्रोग्रॅम आहे."

पुढच्या आठवड्यात मुलाने आम्हाला त्याच्या अपार्टमेंटवर जेवायला बोलावलं. काका गाडी पार्क करत होते. काकू आणि मी वर पोचलो तेव्हा शेजारची म्हातारी बाई आपल्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "तू तिची मैत्रीण का? तिला सांग, तिच्या टोमॅटोंना मीच पाणी घालतेय. त्याच्या लक्षात राहत नाही."

काकूने माझा दंड धरून मला पुढे नेलं. "हे लोक काहीही बोलतात," ती म्हणाली. तिला इंग्रजी चांगलं समजत होतं.

जेवणानंतर काका-काकू आतल्या खोलीत त्याचा नवा स्टिरिओ बघत होते. मी गॅलरीत गेले. कुंड्यांमध्ये टोमॅटो लागलेले होते. तो मागून आला.

"कुणाचे आहेत?" मी विचारलं.

त्याने एक सुकलेलं पान खुडलं. मग म्हणाला, "आम्ही एकत्र राहत होतो. मी युनिव्हर्सिटीत होतो तेव्हापासून."

"मग?"

"आई येणार होती उन्हाळ्यात. मी तिला त्याआधी मूव्ह आउट करायला सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. बॉक्सेस भरले." तो कठड्याकडे बघत होता. "तुझ्या काकांना माहीत आहे. तेच म्हणाले, संपलेला विषय आहे, तुला सांगायची गरज नाही."

मला राग आला नाही. ती कशी दिसत असेल, एवढंच मनात आलं. आत जाऊन मी आइस्क्रीम खाल्लं.

परतताना गाडीत मी नाही म्हणून सांगितलं. काका वळून म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीवरून? तो आता मोकळा आहे."

"तिला जायला सांगितलं म्हणून," मी म्हटलं.

"अगं, तुझ्यासाठीच ना!" काकू म्हणाली.

रविवारी फोनचा रेट कमी असायचा, तेव्हा पुण्याला फोन लावायचे. त्या रविवारी काका मोठ्याने बाबांशी बोलत होते, "हो रे, मुलगा उत्तमच आहे. पत्रिकेत थोडी अडचण निघाली, इथल्या गुरुजींनी परत बघितली." मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि डोळ्यांनीच सांभाळून घे म्हणून खुणावलं.

"पत्रिकेचं काय झालं?" बाबांचा आवाज थोडा उशिरा येत होता.

"पत्रिकेचं काही नाही, बाबा. त्याच्या घरात एक बाई होती. त्याने तिला घालवलं. मी नाही म्हटलं."

काकू उठून स्वयंपाकघरात गेली. फोनमध्ये नुसती खरखर होती.

"बरं," शेवटी बाबा म्हणाले. "तिकडे थंडी पडली का?"

"नाही अजून," मी म्हटलं.