टाळी म्हणजे सही

गेल्या वर्षी कापूस वेचणी संपत आली असताना, एका रविवारी संध्याकाळी, सेक्रेटरी गुरुजींनी कला केंद्राच्या मंचावरून वर्षाचा हिशेब वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांसरशी केंद्राचा हॉल लग्नकार्यांसाठी दहा वर्षांच्या करारावर गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांना हे पुढच्या शनिवारी कळलं.

हिशेब मंचावरून वाचायचा, ही पद्धत गुरुजींचीच. आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या पुढे नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तिथल्या मराठी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी केंद्र काढलं आणि सेक्रेटरीपद स्वतःकडे घेतलं. अध्यक्ष दर काही वर्षांनी बदलत. सेक्रेटरी बदलला नाही, त्यामुळे ते नावच होऊन बसलं. इतर संस्थांची वार्षिक सभा पाच-सात जण सह्या करून उरकतात. गुरुजींनी ती वार्षिक कार्यक्रमाला जोडली. दंडार बघायला गाव जमलेलं असायचं, रंग लावलेले नट पडद्याआड बसलेले असायचे आणि गुरुजी कागद घेऊन पुढे यायचे. पोरं ओरडली की म्हणायचे, "हिशेब आधी, हार्मोनियम मंग."

केंद्राचं सभासदत्व साधं होतं. वेचणीच्या दिवसांत ज्या घरातून एक ओटी कापूस आला ते घर सभासद. म्हणजे वेचताना बाई कमरेला जी ओटी बांधते तेवढा. तो कापूस जिनिंगवर विकला जाई आणि त्यातून वर्षाचं वीजबिल निघे. सभासदांत निम्म्याच्या वर बाया. त्या कार्यक्रमाला येत, पण सहीसाठी मंचाजवळ येत नसत. अंगठा द्यायला तर मुळीच नाही. गुरुजींनी तोडगा काढला आणि तो संस्थेच्या नियमांत घालून घेतला: सभेत वाचलं आणि टाळी पडली, की ते मंजूर. "टाळी म्हंजे सही," ते मंचावरून दर वर्षी सांगत. "आवडलं नाई तं हात मांडीवर ठेवा. मी समजून घेईन." शेवटची बाब वाचून झाली की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि थांबत. मग टाळ्या पडत.

वाचनाला ठेका होता. पोरींना ढोलकी शिकवणाऱ्या कमलबाई मंचाच्या कोपऱ्यात ढोलकी घेऊन बसत आणि प्रत्येक बाबीनंतर एक थाप देत. देवराव सखाराम चिंचोलकर, कापूस, एक ओटी. थाप. सुभद्राबाई गणपत मेश्राम, ज्वारी, दोन पायल्या. थाप. वायरमन शेख इस्माईल शेख चांद, मजुरी घेतली नाही, चहा घेतला. थाप, आणि हशा. एकदा देवरावांनी मागून आवाज दिला की गुरुजी, माहा कापूस ओला होता, थेही वाचा. गुरुजींनी मान वर केली नाही. "ओला होता थे जिनिंगवाल्याले मालूम हाय," ते म्हणाले, "आमी इथं ओटी मोजतो." काही माणसं दंडारीपेक्षा हिशेबाला वेळेवर येत.

नाव पूर्ण घ्यायचं, हा त्यांचा दुसरा नियम. माणसाचं, बापाचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. अर्धं नाव वाचलेलं कोणी ऐकलं नव्हतं. मी जिल्हा पत्रात नवीन लागले तेव्हा केंद्राच्या उन्हाळी शिबिराची बातमी आधी त्यांना दाखवली होती. तिच्यात 'अनेक मान्यवर उपस्थित होते' असं वाक्य होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "अनेक म्हंजे कोन? नावं सांग. नावं नसन तं खुर्च्या रिकाम्या होत्या म्हन." मी नावं आणली. चार निघाली. बातमीत चार छापली. पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत बरंच शिकवलं गेलं. त्यातलं पहिलं मी आधीच शिकून गेले होते.

पाहुण्यांना ते हार देत नसत. निर्मलहून रंगवलेली लाकडी फळं आणत आणि प्रत्येकाच्या हातात एक आंबा किंवा सीताफळ ठेवत. एका तहसीलदारांना हार न मिळाल्याचं वाईट वाटलं, असं कोणी तरी कानावर घातलं. गुरुजी म्हणाले, हार उद्या बकरी खाईन, आंबा तं खाता येत नाई. तो आंबा कितीला पडला हेही पुढच्या हिशेबात वाचलं गेलं. तहसीलदारांच्या पूर्ण नावासह.

केंद्राची जागा कमलबाईंची. नवरा गेल्यावर रस्त्याला लागून असलेली शेताची पट्टी त्यांच्या वाट्याला आली होती. दिरांना ती दुकानासाठी हवी होती. कमलबाईंनी ती केंद्राला दिली. बदल्यात त्यांनी एकच मागितलं होतं. त्या लहानपणी ढोलकी गोठ्यात शिकल्या होत्या, बापाची नजर चुकवून. गावातल्या पोरींना छताखाली, दार उघडं ठेवून शिकवायचं, एवढं त्यांना हवं होतं. गुरुजींनी शनिवार दिला. हॉल बांधून झाला त्या दिवशी लोकांसमोर म्हणाले, "या बाईच्या शनिवारले कोनी हात लावनार नाई. मीही नाई." मी त्या वर्गात तीन हिवाळे होते. मला ढोलकी आली नाही, पण शनिवार कधी चुकला नाही. त्या दिवशी दुसरा कुठलाच कार्यक्रम नसे. बतुकम्माच्या सणासाठी तेलुगू शिक्षकांच्या घरच्या बाया गाण्यांची तालीम करायला येत. एकदा त्यांनाही शनिवार हवा होता. गुरुजींनी त्यांना शुक्रवार दिला आणि स्वतः जाऊन सतरंज्या अंथरल्या.

पुढे पैसा आटत गेला. हैदराबादची एक संस्था दर वर्षी शिबिरासाठी मदत पाठवत असे, ती थांबली. पत्र्याला गळती लागली. मातीकामाचं शिबिर बंद झालं, मग पोळ्याच्या वेळची चित्रकलेची स्पर्धा. एका उन्हाळ्यात विजेचं बिल गुरुजींनी पेन्शनमधून भरलं आणि तेही वाचलं, स्वतःचं पूर्ण नाव घेऊन, इतर देणगीदारांच्या रांगेत. त्या बाबीला कमलबाईंनी दोन थापा दिल्या. गुरुजी कागदावरून नजर न काढता म्हणाले की एकच, सगळ्याले एकच.

गेल्या वर्षीच्या सभेत वाचन नेहमीसारखंच झालं. ओट्या वाचून झाल्या. ढोलकीची पुडी बदलली, थाप. पंख्याची दुरुस्ती, थाप. हॉल कोणाला दिला, ही बाबही दर वर्षी असायची. गावात साखरपुडा किंवा बारसं असलं की एका दिवसासाठी हॉल दिला जाई आणि तसं वाचलं जाई. तशा तीन बाबी झाल्या. चौथी अशी होती: "हॉल, श्री. वी. रमेश, आदिलाबाद, करारानं." थाप. मग सतरंज्या, मग किरकोळ. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. टाळ्या पडल्या. दंडार सुरू झाली. पत्रकारांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर मी होते. माझ्या टिपणात त्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे, पूर्ण नाव नंतर विचारायचं म्हणून.

पुढच्या शनिवारी कमलबाई पोरींना घेऊन गेल्या तेव्हा दाराला नवं कुलूप होतं. शिडीवर एक रंगारी तेलुगूत अक्षरं काढत होता. कमलबाईंना तेलुगू वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, तेव्हा तो हिंदीत म्हणाला, "अम्मा, अब इधर शादियाँ होंगी." त्यांनी पोरींना घरी पाठवलं, मला फोन केला आणि ढोलकी तशीच काखेत घेऊन गुरुजींच्या घरी गेल्या. मी पोहोचले तेव्हा दोघं ओसरीवर समोरासमोर बसलेले होते. ढोलकी मध्ये होती.

गुरुजी शांत होते. पत्रा बदलायला पैसा नाही, वीज तुटायची वेळ आली, करार केला नसता तर हॉल बंदच पडला असता, असं त्यांनी सांगितलं. हॉल रिकामा असेल त्या दिवशी कार्यक्रम घेता येतील, असं करारात लिहून घेतलं आहे, असंही सांगितलं.

कमलबाईंनी विचारलं, "अन् शनिवार?"

"रिकामा असन तं शनिवारही."

"तुमी हे आमाले सांगतलं काऊन नाई?"

"सभेत वाचलं," गुरुजी म्हणाले. "कमलबाई, थाप तं तुमीच देल्ली."

त्यांनी ढोलकीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "वी. रमेश कोन होय?"

गुरुजींनी ढोलकीकडे पाहिलं. आतून त्यांच्या सूनबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"जावई," ते म्हणाले.

रमेश नामदेव वाघाडे यांना गावात सगळे ओळखतात. पोळ्याला येतात, पंगतीत वाढायला उभे राहतात, पोरांना मोटारसायकलवर फिरवतात. गाव त्यांना जावईबापू म्हणतं. आदिलाबादच्या शाळेत त्यांचं नाव तेलुगू रिवाजाने लिहिलं गेलं, आडनावाचं अक्षर आधी आणि नाव मागून, आणि सगळ्या कागदांवर तेच राहिलं. ते नाव आमच्या गावात कोणी कधी उच्चारलं नव्हतं. लोकांना वाटलं, कोणी बाहेरचा तेलुगू माणूस एका दिवसासाठी हॉल घेतो आहे.

"मंग जावईबापू म्हनायचं होतं, गुरुजी," कमलबाई म्हणाल्या. "आमी वळखलं असतं." त्यांनी ढोलकी उचलली. चहा तसाच राहिला.

मी बातमी लिहिली. सेक्रेटरींचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. करार घेणाऱ्याचंही तसंच, आणि दोघांचं नातं. गुरुजींची बाजू त्यांच्याच शब्दांत. विशेषण एकही नव्हतं. छापून आली त्या सकाळी त्यांचा फोन आला. "बातमी बरोबर हाय," ते म्हणाले. "माहं नाव पुरं लिवलं." मग त्यांनी विचारलं की जेवली का. मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

नियमाप्रमाणे हॉलचा करार मोडता येत नाही, कारण तो सभेने मंजूर केला आहे. हे मी दोन वकिलांना विचारून खात्री केली. लग्नाचे मुहूर्त बहुतेक सुट्टीला धरून असतात, आणि मुहूर्त नसले की बारशी आणि वाढदिवस. गेल्या वर्षभरात एकही शनिवार रिकामा गेला नाही. पत्रा मात्र नवा आहे. बसवण्याचा खर्च पुढच्या भाड्यातून वळता होईल, असं गुरुजी सांगतात. पोरींचा वर्ग आता मराठी शाळेच्या व्हरांड्यात भरतो. हॉलमध्ये बँड लागला की कमलबाई वर्ग थांबवतात आणि पोरींना ऐकायला लावतात की बँडवाला कुठे चुकतो.

या वर्षीची सभाही त्याच व्हरांड्यात झाली. हॉलमध्ये त्या संध्याकाळी हळदीचा कार्यक्रम होता आणि त्याचे आवाज येत होते. गुरुजी येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. ते आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कागद. सूनबाई बरोबर होत्या, त्या मागे उभ्या राहिल्या. लोक नेहमीपेक्षा जास्त होते. देवराव या वेळी पुढच्या ओळीत बसले होते. कमलबाई कोपऱ्यात ढोलकी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

पहिलीच बाब हॉलची होती. गुरुजींनी सावकाश वाचलं: रमेश नामदेव वाघाडे, आदिलाबाद, सेक्रेटरीचे जावई, हॉलचं भाडं. ते थांबले. थाप आली नाही. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग दुसरी बाब वाचली आणि पुन्हा तेवढेच थांबले. या वर्षी ओट्या थोड्याच आल्या होत्या, त्या त्यांनी सगळ्या वाचल्या, प्रत्येक नाव पूर्ण, आणि प्रत्येक नावानंतर थापेपुरती जागा सोडली. शेवटची बाब सतरंज्यांची होती. ती वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

बायांचे हात मांडीवर होते. कमलबाईंनी ढोलकीला खोळ घातली आणि नाडी बांधली.

हे लिहीपर्यंत तो हिशेब मंजूर झालेला नाही.