हरीण कोणाचं?

सांगा बघू, दुकानातून विकत आणलेली वस्तू आपलीच ना? मलाही तसंच वाटायचं. सिल्वासात अलकाताईंच्या भरतकामाच्या वर्कशॉपमध्ये मी बारा वर्षं आहे. इथे धाग्यांच्या तुकड्यांसारखे किस्सेही साचतात. कितीही झाडा, मशीनखाली चार उरतातच!

*

डिझाइनचं सॉफ्टवेअर येणार म्हणून अलकाताईंनी अख्खं टेबल रिकामं करून ठेवलं. आली अंगठ्याएवढी चावी! ती कॉम्प्युटरला लावली तरच सॉफ्टवेअर उघडतं. कंपनीचा माणूस म्हणाला, "सॉफ्टवेअर कंपनीचंच राहणार. तुम्ही घेतलाय तो वापरायचा परवाना."

शेजारच्या मशीनवरच्या हंसाबेन म्हणाल्या, "अरे बेन, म्हणजे आपण भाडेकरूच!"

*

अटी पडद्यावर होत्या, सगळ्या इंग्रजीत. खाली फक्त 'मान्य' दाबायचं. पण अलकाताई न वाचता कशालाच हो म्हणत नाहीत. दुपारभर लेकीला फोनवर अर्थ विचारत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या बोलणीत एवढ्या अटी असत्या ना, तर मी उठून गेले असते!"

आणि बटण दाबलं.

*

खेरडीला भरतकामाचं मशीन चालवणाऱ्या हंसाबेनच्या बहिणीचा निरोप आला, "लग्नाचे ब्लाउज आहेत, दोन दिवस चावी द्या." पण दुसऱ्याला द्यायची नाही, ही अट!

हंसाबेन खवळल्या. "आमच्या गल्लीत पापडाचं एकच मशीन पाच घरं फिरतं. त्याला कधी ताप आला नाही!"

*

दसऱ्याला आम्ही कात्र्यांपासून मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा करतो. चावीला मीच हळदीकुंकू वाहिलं. नेमकं कॉम्प्युटरमध्ये जातं त्या तोंडावर, वर दोन थेंब पाणी!

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं, परवाना सापडत नाही. दादऱ्याच्या एका शाळेच्या खो-खो संघाचे पंधरा कापडी बिल्ले उद्या दुपारी द्यायचे होते. त्यावरचं हरीण मी वहीत काढलेलं. माझं चित्र पहिल्यांदाच कुणी निवडलं होतं. मला रडूच आलं.

अलकाताईंनी कंपनीला फोन लावला.

"चावीला काय केलंत?"

"पूजा."

पलीकडच्याने 'पूजा' हा शब्द दोनदा विचारून घेतला. मग, "नवी यायला आठवडा लागेल, ताई."

"बरं, आणि आमचं हरीण? तेही कंपनीचं का?"

"नाही हो, चित्र तुमचंच!"

"मग झालं तर," म्हणत अलकाताई भरतकामाच्या जुन्या लाकडी रिंगा काढायला माळ्यावर चढल्या. हंसाबेननी चपला घातल्या. "पापडवाल्या पाच घरांना सांगून येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाच घरांतल्या नऊ बायका आपापल्या सुया घेऊन आल्या, आणि माझ्या वहीतलं हरीण बघून बारा वाजायच्या आत पंधराही बिल्ले हाताने भरून झाले.