मेघकर्णाचं गप्प पान

बलून लिंबाएवढा होता आणि त्यात अख्खं भाषण बसवायचं होतं. मी फॉन्ट एक पॉइंट कमी केला. बसेना. अजून कमी केला. आता ते वाचायला भिंग लागलं असतं. शेवटी पुण्याला मकरंद सरांना फोन लावला. ते या कॉमिकचे संपादक.

"सर, अकराव्या पानावर मजकूर मावत नाही."

"बलून मोठा करा की."

"मोठा केला तर चित्र झाकतंय."

"झाकू द्या थोडं. तसंही त्या पानावर काही घडत नाहीये."

मी लेटरर आहे. म्हणजे कॉमिकमधली अक्षरं बसवणारी. लेखक संवाद लिहितो, चित्रकार चित्रं काढतो आणि ते संवाद चित्रांवर चढवायचं काम माझं. पात्राच्या तोंडाजवळचा पांढरा फुगा म्हणजे बलून. निवेदनाची चौकट म्हणजे कॅप्शन. धाराशिवला घरी कॉम्प्युटरवर बसून हे काम करते. शेजारणींना अजून वाटतं मी लग्नपत्रिका छापते.

कॉमिक मराठीतलं, नवंकोरं. नायक मेघकर्ण. त्याची शक्ती एकच, त्याला कोसभर लांबचं ऐकू येतं. अकराव्या पानावर तो पहाटे विहिरीवर पाणी शेंदतोय. दूर दुसऱ्या गावात फटाक्यांच्या शेडला आग लागलीय, आत एक बाई अडकलीय. मेघकर्णाला ते ऐकू येतं. पानभर एकच चित्र. दोर हातात ताणलेला, पोहरा मध्येच लोंबकळतोय आणि त्याची मान किंचित वळलेली. बस. या चित्रावर चार कॅप्शन आणि तीन बलून टाकायचे होते.

माझी अडचण नुसती जागेची नव्हती. हे चित्र कुणाचं आहे, ते मला माहीत होतं.

लहानपणी आमच्या इथं स्टँडच्या मागं भाड्यानं कॉमिक्स देणारं दुकान होतं. दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली. संध्याकाळपर्यंत परत करायची, म्हणून मी आणि माझा भाऊ अनिल शाळेतून आलो की दप्तर फेकून ओसरीवर पालथे पडायचो. अनिल मोठ्यानं वाचायचा, व्हिलनचा आवाज काढायचा. मी चित्रं बघायची. बरीचशी हिंदीतली असायची आणि खरं सांगायचं तर लेखन बऱ्याचदा भयंकर असायचं. नायक उडतोय हे दिसतंय, तरी तो म्हणणार, "मी आता उडत आहे!" व्हिलन गोळी झाडण्याआधी आपला सगळा बेत समजावून सांगणार. तरी आम्ही जीव टाकायचो, ते चित्रांसाठी.

तेव्हा चित्रकाराचं नाव छापत नसत. म्हणून आम्हीच नावं ठेवली होती. एक होते 'धूरवाले'. त्यांना पाय काढता येत नसत बहुतेक, कारण त्यांचा प्रत्येक हिरो गुडघ्यापर्यंत धुरात. आणि एक होते 'पायवाले'. त्यांच्या हिरोचे स्नायू बेताचे, केपही साधा. पण पाय असे, की माणूस खरंच जमिनीवर उभाय असं वाटायचं. बोटांनी माती धरलेली. टाच झिजलेली. आम्हाला पायवाल्यांचं कॉमिक मिळालं की तो दिवस सणाचा.

मेघकर्णाची पानं आली तेव्हा पहिल्याच चित्रात मला ते पाय दिसले. खाली नाव होतं, विश्वनाथ, मुक्काम तेर, म्हणजे धाराशिवच्या अगदी जवळ. मी लातूरला अनिलला फोन केला.

"पायवाले सापडले."

"काय सांगतेस! आहेत?"

"आहेत. तेरला राहतात."

 तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आपण त्यांच्या शेजारी राहत होतो, आणि आपल्याला वाटायचं ते मुंबईला कुठल्यातरी बिल्डिंगीत बसून काढत असतील."

दुसऱ्या दिवशी मकरंद सरांचाच फोन आला. त्यांनी तोडगा काढला होता. अकरावं पान पुण्यातला एक चित्रकार नव्यानं करणार होता. एका चित्राऐवजी चार पॅनल, म्हणजे चार छोट्या चौकटी. आग, धावपळ, किंचाळी. आता मुलं एका चित्रावर थांबत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"विश्वनाथकाकांना सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही जवळ राहता ना. तुम्हीच सांगा. नीट सांगा."

भेटायची इच्छा लहानपणापासूनची, आणि जायचं कशासाठी, तर तुमचं पान काढून टाकलंय हे सांगायला. मी गुलाबजामचा डबा घेतला आणि तेरची बस धरली.

काका वयानं खूप थकलेले, पण बसणं ताठ. खिडकीशी उतरती फळी, त्यावर कागद. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला. मी आधी पायांचंच बोलले. धूरवाल्यांचं ऐकून ते इतके हसले की चहा बशीत सांडला.

"वळखतो की मी त्याला! गुणी माणूस. त्याला घाई लई असायची. पण ताई, पाय न्हाय काढला तर माजा माणूस हुभाच राहत न्हाय."

मग मी सांगितलं. नीट सांगायचं ठरवलं होतं, पण नीट सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. काकांनी बशी खाली ठेवली. फळीवरचा कागद उगाच सरळ केला.

"तसं असल तर माजं नाव काडा म्हणावं त्यातून. सगळ्याच पानावरून. आदी नव्हतंच, आता बी नको."

"काका, असं नका करू. मी सरांशी भांडते. सगळे शब्दच काढून टाकू. पान एकदम गप्प ठेवू."

मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी मान हलवली.

"न्हाय. निस्तं गप्प ठिवलं तर पोरं पान उलटून जातील. पुण्याच्या सायबाचं एवढं बरोबर हाय. मेघकर्णाला जे ऐकू आलं, ते वाचणाऱ्याला बी ऐकू आलं पायजे." मग म्हणाले, "हे लिवणारा कोन हाय? म्या त्याच्याशी कदी बोललोच न्हाय."

खरं होतं. स्क्रिप्ट ईमेलनं आलं, सूनबाईंनी प्रिंट काढून आणलं, काकांनी चित्रं काढली. लेखक शंतनू पुण्यात. त्याचं हे पहिलंच कॉमिक. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

शंतनू आधी बचावाच्या पवित्र्यात होता. "मॅडम, त्या पानावरचे कॅप्शन मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेत. 'धुराच्या भिंतीपलीकडे एक श्वास अडखळला.' ते काढलं तर माझं राहिलं काय?"

काका फोनकडे वाकले. "बाळा, लई चांगलं लिवलंयस. तेच वाचून तर चित्र काढलं म्या. श्वास अडखळला म्हणलास, म्हणून म्या पोहरा मदीच थांबवला. तुजं लिवणं चित्रात गेलं. आता तेच वर परत कशाला?"

पलीकडून माऊसची टिकटिक ऐकू आली, शंतनू ते पान उघडून बघत होता. 

"काका," शंतनू म्हणाला, "पोहऱ्याचं मला कळलंच नव्हतं."

मग त्या दोघांचं जे सुरू झालं, त्यात मला शिरायला जागा नव्हती. नायकाचा चेहरा घाबरलेला का नाही, पहाट का निवडली, सगळं. शेवटी गाडी त्या बाईच्या संवादावर आली. शंतनूनं लिहिलं होतं, 'कोणी आहे का? मला वाचवा!' आणि त्याला काटेरी बलून सांगितला होता. काटेरी म्हणजे ओरडण्याचा.

"आत धूर हाय," काका म्हणाले. "एवडं वरडती व्हय ती?"

"नाही," शंतनू म्हणाला. "आणि असं बोलणारही नाही. माझी आजी तुमच्या बाजूची, जळकोटची. ती म्हणाली असती..."  मग तो हळूच, जवळजवळ श्वासातच म्हणाला, "हाय का कुणी?"

सूनबाई कप उचलायला आल्या होत्या. त्या तिथंच उभ्या राहिल्या.

तेवढे तीनच शब्द ठेवायचं ठरलं. बलून नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाणारी त्याची शेपटी नाही. पानाच्या अगदी कडेला, बारीक अक्षरात. मी म्हटलं, घरी गेले की टाइप करते. काकांनी निब आणि शाई पुढं सरकवली.

"फॉन्ट नको. हातानं लिवा."

मी सुरुवातीला हातानंच शिकले होते, पण त्याला बरीच वर्षं झाली होती. पहिल्या दोन-तीन वेळा अक्षर शाळेच्या फळ्यासारखं आलं. काका बघून म्हणाले, "काना इतका ताठ नको. धुरात हाय ती." मग मी निब सैल धरली. अक्षर जरा कललं, 'कुणी'ची वेलांटी अर्धवट सुटली.  काकांनी कागद वाळायला ठेवला.

ते अक्षर चित्राच्या कडेला ठेवून पानाचा फोटो मकरंद सरांना पाठवला. थोड्या वेळानं फोन आला.

"पान रिकामं दिसतंय हो."

कॉलवर शंतनूही होता. "सर, शब्द माझे होते. मीच काढलेत."

"मग मी भांडू कुणाशी?" सर म्हणाले. त्यांनी आगीचे चार पॅनल बाराव्या पानावर हलवायला सांगितले, काकांनीच काढायचे या बोलीवर.

अंक छापायला गेला तेव्हा प्रेसमधून मला फोन. "मॅडम, अकराव्या पानाची टेक्स्ट फाइल राहिलीय वाटतं." म्हटलं, राहिली नाही, पानावर हातानं लिहिलंय तेवढंच आहे. ऑपरेटरनं दोनदा खात्री करून घेतली.

अंक काही धो धो खपला नाही. बरा गेला. काही वाचकांनी कळवलं, अकराव्या पानावर छपाईत चूक आहे. एका बाईंनी लिहिलं, त्यांची मुलगी त्या पानावर आली आणि आजूबाजूच्यांना म्हणाली, जरा गप बसा. मकरंद सरांनी ते पत्र आम्हा तिघांना पाठवलं, वर एक शब्दही न लिहिता.

कव्हरवर तिघांची नावं टाकायची कल्पनाही सरांचीच. छापून आला त्याच दिवशी मी अनिलला घेऊन तेरला गेले होते, काकांच्या हातात अंक दिला. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला, शाई लागतेय का ते बघितलं. मग चष्मा काढून म्हणाले, "थोडं मोटं झालं न्हाय का अक्षर?" अनिल म्हणाला, "नाही काका, बरोबर आहे," आणि खिडकीतून बाहेर बघत बसला.

त्यानंतर कुठलंही काम घेताना मी आधी एकच विचारते, लेखक आणि चित्रकार एकमेकांशी बोललेत का? संपादक म्हणतात, त्यात वेळ जातो. जातो, हे मलाही मान्य आहे.